सात वॅट आणि झटका मशीन : रावेरकडच्या एका हॅम स्टेशनच्या नोंदी

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेला लागून घर आहे आणि तिथून ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर, हॅम स्टेशन, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र, उभं करायचं आहे, अशा माणसासाठी या नोंदी आहेत. अँटेनाची सूत्रं पुस्तकांत भरपूर मिळतात. कुंपणाची टिकटिक, सोलर पंपाची भुणभुण, वाऱ्यानं तारेला लागणारं केळीचं पान, याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. माझा जास्त वेळ त्यातच गेला, म्हणून तेच जास्त लिहिलं आहे.

माझं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तार, मीटर, सोल्डर हाताशी होतं. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी खर्चात थोडी भर धरावी. परीक्षा मुंबईला दिली, रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या, ग्रेडचा व्हीयू३ नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं सरकारी नाव, आला, मगच कामाला हात घातला. परवाना हातात येईपर्यंत प्रसारणाचं बटण दाबायचं नाही, हे सगळ्यांत आधी.

१२ जानेवारी २०२५ : सामान

सेट बिटएक्स-४०. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी घडवलेल्या बिटएक्स मालिकेतला हा बोर्ड. फक्त ४० मीटर, एसएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत), १२ व्होल्टवर साधारण ७ वॅट. भुसावळला एक काका आहेत, रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, जुने हॅम. त्यांनी आपल्या कपाटातला बोर्ड डब्यासकट ६,००० रुपयांत दिला. बोर्डावरच्या छोट्या रिंगांवरच्या कॉइली हैदराबादेतल्या बायकांच्या एका गटानं हातानं गुंडाळलेल्या आहेत, असं ते म्हणाले. मी रोज मोटारी भरतो, म्हणून भिंग लावून पाहिलं. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नव्हता, आणि तार नखाएवढ्या रिंगेवर होती. त्या हातांना मानलं.

बाकीचं असं : दीड स्क्वेअर एमएमची घरवायरिंगची तार २५ मीटर, ६०० रुपये. आरजी-५८ कोॲक्स, म्हणजे सेट आणि अँटेना जोडणारी जाळीच्या कवचाची केबल, २० मीटर, ९०० रुपये. पीएल-२५९ कनेक्टरची जोडी १५० रुपये. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी ९५० रुपये. नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं हातात मावणारं यंत्र, ४,२०० रुपये. ओळखीत कोणाकडे असेल तर मागून आणावा, रोज लागत नाही. बांबू आणि दोऱ्या मिळून ५०० रुपये. सगळं धरून १३ हजारांच्या थोडं वर गेलं.

कोॲक्स इकडे दुकानात मागितली की केबल टीव्हीची आरजी-६ पुढे करतात. ती ७५ ओहमची असली तरी ७ मेगाहर्ट्झवर काम भागेल. अडचण वेगळीच आहे. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि तिला सोल्डर धरत नाही. कनेक्टर आज बसला तरी पावसाळ्यात दगा देईल. आरजी-५८ मागवायला आठवडा गेला तर जाऊ द्यावा.

१९ जानेवारी : बांबू, ताण, चोक

घराचा स्लॅब ११ फुटांवर. त्यावर २० फुटी बांबू उभा केला की अँटेनाचा मधला बिंदू ३० फुटांवर जातो. तिथून तारेचे दोन पाय उलट्या व्हीसारखे खाली उतरवले. पूर्वेचं टोक गोठ्याच्या खांबाला, पश्चिमेचं कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, कडेला रोवलेल्या लहान बांबूला. बांबू केळीला टेकू द्यायचेच आहेत, फक्त वाळलेले निवडून घेतले.

इन्सुलेटर विकत घ्यायची गरज पडली नाही. ठिबकची १६ एमएमची लॅटरल वितीएवढी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, झाले टोकाचे इन्सुलेटर. ही काळी नळी वर्षानुवर्षं उन्हात टिकते हे आपण शेतात पाहतोच. मधला तुकडा ६३ एमएम पीव्हीसी पाइपाच्या एंड कॅपचा केला. दोन बाजूंना पितळी बोल्ट, वर टांगायला आकडा, कोॲक्स खालून आत, आणि भोक एम-सीलनं बुजवलं.

ताण द्यायला केळीचे घड बांधायची प्लॅस्टिकची पट्टी वापरली होती. सकाळी पाहिलं तर बांबू गोठ्याकडे कललेला. ही पट्टी घडाचं वजन झेलते, पण सतत ओढ असली की रात्रभरात हळूहळू लांबते. ६ एमएमची विणलेली नायलॉन दोरी आणून सगळे ताण बदलले, त्यात अर्धा दिवस गेला. ही दोरीसुद्धा पहिले दोन-चार दिवस ढिली पडते, परत आवळावी लागते. लोखंडी तारेचे ताण देऊ नका. ते अँटेनाच्या इतके जवळ येतात की सगळी मोजमापं बदलतात.

चोक प्रसारणाची लहर कोॲक्सच्या बाहेरून घरात येऊ देत नाही. तो म्हणजे ११० एमएम पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर कोॲक्सचेच १२ वेढे, शेजारी शेजारी, मधल्या बिंदूच्या लगेच खाली. त्यात सव्वाचार मीटर कोॲक्स खपली आणि उरलेली खिडकीपर्यंत जेमतेम पोचली. २० ऐवजी २५ मीटर घ्यावी.

बांधावरचे नाना काठी टेकत येऊन बराच वेळ वर बघत उभे होते. "काय करून राह्यला रे भाऊ? टीव्हीचा आहे का हा?" रेडिओचा आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग आकाशवाणी तर बिना बांबूची लागते." त्यांना म्हटलं, नाना, यातून बोलताही येतं. ते खाटेवर बसले आणि मी बांबू ताणेपर्यंत उठले नाहीत.

२६ जानेवारी : तार जुळवली

सूत्र सोपं आहे. १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर एकूण मीटरमध्ये. ७.१ ला २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला १०.०७. नेमकी तेवढीच कापून वर चढवली होती. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती लहर परत फिरते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. नॅनोव्हीएनएच्या पडद्यावर त्याची दरी ७.१ ला दिसायला हवी, ती दिसली ६.८ ला.

कारणं दोन. तारेवर पीव्हीसीचं कवच आहे आणि टोकं जमिनीच्या जवळ आहेत. दोन्हींमुळे तार आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. मग हिशेब उलटा धरायचा : १०.०७ गुणिले ६.८ भागिले ७.१, उत्तर ९.६४. म्हणजे दोन्हीकडून ४३ सेंटीमीटर कमी.

इथे पक्कड बाजूला ठेवायची. जास्तीची तार कापण्यापेक्षा टोकाकडून मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळली. पुन्हा वाढवायची वेळ आली तर ती तिथेच असते. (आली, पुढे एप्रिलची नोंद पाहा.) दुमडल्यावर दरी ७.०६ ला आली. आणखी पाच-सहा सेंटीमीटर दुमडल्यावर बरोबर ७.१० ला. मध्यावर एसडब्ल्यूआर १.२, बँडच्या दोन्ही टोकांना १.७ च्या आत. उलट्या व्हीचा हा मोठा फायदा की टोकं शिडीवरून हाताला येतात, बांबू दर वेळी उतरवावा लागत नाही.

काका आज भुसावळहून आले होते. नानांनी त्यांना सरळ विचारलं, "मोबाइल असल्यावर हे कशाला?" काकांनी त्यांना आजच्याच तारखेचा २००१ सालचा भुजचा भूकंप सांगितला, १९९३ चं किल्लारी सांगितलं. फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळी बॅटरीवर बसून निरोप पोचवत होती, ते सांगितलं. नाना गप्प होऊन ऐकत होते. काकांचं सगळं खरं आहे. तरी मी या नादाला लागलो तो ऐकण्यासाठी. डायल फिरवताना नुसत्या खरखरीतून एक आवाज वर येतो, आपण बोटानं केसभर सरकवतो आणि तो माणूस समोर बसल्यासारखा बोलू लागतो, या क्षणाचा मला फार आनंद वाटतो. भूकंप न होता आयुष्यभर नुसतं ऐकत बसावं लागलं तरी चालेल.

२ फेब्रुवारी : खरखर

संध्याकाळी सात वाजता सेट लावला. बँड उघडायची, म्हणजे लांबची स्टेशनं ऐकू यायची, हीच वेळ. स्पीकरमधून मोठी घरघर आली, तिच्यावर सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठणठणीत टिक. माणसाचा आवाज नाहीच. मधूनच घरघरीच्या खाली कोणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं.

बिटएक्स-४० ला सिग्नल मीटर नाही. पण त्यात आवाज आपोआप सारखा करणारी व्यवस्था, म्हणजे एजीसी, सुद्धा नाही, आणि इथे त्याचाच उपयोग झाला. आवाजाचं बटण एका खुणेवर ठेवलं, पेननं रेघ मारली आणि स्पीकरच्या दोन टोकांना मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. जेवढी खरखर तेवढे व्होल्ट. ०.९ आले. हा आकडा वहीत पहिला लिहिला.

मग सेट बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच पाडला. ०.३५. म्हणजे निम्म्याहून जास्त घाण आमच्याच घरातली. एकेक एमसीबी वर करत गेलो आणि मीटर बघत गेलो. स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी बल्ब, ओसरीवरचा तसलाच दुसरा, मोबाइलचा एक चार्जर, आणि बॅटरी भरत असताना इन्व्हर्टर. बल्ब बदलले, चार्जर फेकला. इन्व्हर्टरच्या तारांवर खरखर अडवणारे फेराइटचे चिमटे लावले, फरक किंचितच पडला. शेवटी ऐकायला बसलो की त्याचं चार्जिंग बंद ठेवायचं ठरवलं. ५०० रुपयांच्या आत मीटर ०.४ वर आला. घरात ४० मीटर ऐकायचं असेल तर नवा सेट, नवी अँटेना यांच्या आधी हे करा. मेन स्विच पाडायला पैसे लागत नाहीत.

टिक मात्र मेन स्विच पाडूनही तशीच राहिली. मीटरवर ती दिसतही नाही, कारण ठोका इतका छोटा असतो की काटा हलायच्या आत संपतो. तिथे कानच लागतो.

१६ फेब्रुवारी : पहिला संपर्क

सकाळी टिक नसते हे लक्षात आलं होतं. म्हणून आज आठ वाजता बसलो. पुण्याच्या एका स्टेशनभोवती चार-पाच जण गप्पा मारत होते. मध्ये मोकळी जागा मिळताच कॉलसाइन सांगितला. दुसऱ्या वेळी पुण्याच्या गृहस्थांनी उचलला. "रावेरहून? सात वॅटवर? पाच-सात येताय." म्हणजे बोलणं पूर्ण कळतंय आणि जोरही बरा आहे. पावणेचारशे किलोमीटर, मोटारसायकलच्या हेडलाइटला पुरेल त्याहून कमी विजेवर. लॉगमध्ये, म्हणजे संपर्काच्या वहीत, वेळ यूटीसीत (ग्रिनिचच्या वेळेत) लिहायची असते, ०२:४० लिहिली, म्हणजे आपले ८:१०. हात थरथरत होता, अक्षर तसंच आलं आहे.

एक तक्रारही मिळाली, माझा आवाज फाटतोय. जोरात बोललं की घशात काहीतरी अडकल्यासारखा होतो असं त्यांनी सांगितलं. यामागे आठवडा गेला. माइक बदलून पाहिला, बॅटरी भरून पाहिली, बोर्डावरचा पोटेन्शिओमीटर फिरवून पाहिला, काही फरक नाही. काकांनी फोनवर विचारलं, माइकची तार कुठून नेलीस? ती कोॲक्सला चिकटून टेबलाच्या मागून गेली होती आणि तिला जाळीचं कवच नव्हतं. प्रसारणाची लहर माइकमध्ये शिरत होती. कवचवाली तार टाकली, माइकच्या दोन टोकांत १०२ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, तारेवर फेराइटचा चिमटा चढवला. फाटणं गेलं. खर्च ७० रुपये.

२० फेब्रुवारी : टिकचा माग

टिक संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होते आणि उजाडल्यावर थांबते. रोज. वीज असो वा नसो. इतकी नेमाची गोष्ट शेतात एकच : झटका मशीन. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) मक्यात, हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून सोलर बॅटरीवर चालणारं हे मशीन लोक दिवस मावळला की लावतात. ते कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्टचा पण अगदी क्षणभराचा ठोका सोडतं. ठोका स्वतः फार त्रास देत नाही. तार कुठे सैल असेल, इन्सुलेटर तडकलेला असेल, गवत लागत असेल, तर तिथे ठिणगी पडते आणि ती ठिणगी हीच खरी प्रसारक.

(थेट मेन्सची वीज कुंपणात सोडणं वेगळं. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं गेली आहेत. तसं कुंपण दिसलं तर रेडिओ राहू द्या, आधी त्या शेतकऱ्याला थांबवा.)

शोधायला खिशातला साधा ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर रिकामी जागा धरायची आणि रेडिओ हातात आडवा फिरवायचा. आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक उगमाकडे झालं की आवाज सर्वांत कमी होतो. गच्चीवरून एक दिशा घेतली, नाल्याच्या पुलावरून दुसरी. गावच्या नकाशावर दोन रेघा ओढल्या, त्या नानांच्या मळ्यात एकमेकींना छेदल्या.

मळ्यात जाऊन मात्र ट्रान्झिस्टरचं काम संपतं. कुंपणाची सबंध तारच तिथे अँटेना झालेली असते, जिथे जाल तिथे टिक सारखीच. दोन संध्याकाळी बांधाबांधानं फिरण्यात गेल्या.

नानांना मशीन बंद ठेवून पाहूया म्हटलं तर म्हणाले, "एक रात्र नको करजो भाऊ बंद, मका तोंडाशी आला आहे." बरोबर होतं त्यांचं.

२७ फेब्रुवारी : अमावास्या

अंधारी रात्र मुद्दाम धरली. हातातली विजेरी विझवून नाना आणि मी कुंपणाकडेनं हळू चाललो. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात, तोवर काहीच दिसत नाही. मग वळणावरच्या कोपऱ्यातल्या खांबाशी, तडकलेल्या इन्सुलेटरच्या भेगेत, निळसर ठिपका. लागला, विझला. लागला, विझला. कानाजवळ नेल्यावर चट्‌ असा बारीक आवाज. खिशातल्या ट्रान्झिस्टरची टिक आणि हा ठिपका एकाच वेळी.

पुढे आणखी जागा सापडल्या. जुन्या गंजलेल्या तारेला नवी जीआय तार नुसती पिळून जोडलेली होती, तो सांधा चमकत होता. बागेच्या बाजूला केळीची वाळकी पानं तारेवर लोंबत होती, तिथे तर धूर निघाल्यासारखा वास येत होता.

सकाळी मशीन बंद करून, तारेचा उरलेला ठोका जमिनीला देऊन, काम केलं. इन्सुलेटर बदलले, दहा-दहा रुपयांचे. पैसे नानांनीच दिले. सांधे घासून क्लॅम्पनं आवळले. पानं कापली, तारेखालचं गवत विळ्यानं साफ केलं. नानांच्या मशीनवरचा दिवा पूर्वी मिणमिण दाखवायचा, आता पूर्ण दाखवतो, कारण गळती थांबली. त्यांच्या तारेत ताकद आली आणि माझ्या कानातली टिक गेली. बांधावरच्या कामात दोघांचा फायदा असा क्वचितच निघतो. कोणाच्या शेतात जायचं असेल तर त्याच्या कुंपणाची गळती काढून देतो म्हणून जा.

५ मार्च : संध्याकाळ मोकळी झाली

सव्वासात वाजता, यूटीसी १३:४५, हैदराबादचं स्टेशन मिळालं. पाचशे किलोमीटर. माझा सेट त्यांच्याच गावचा म्हटल्यावर ते खूश झाले. दहा मिनिटं बोलणं चाललं, त्यातला निम्मा वेळ केळीच्या भावाचा.

लक्ष देऊन ऐकलं की आणखी एक टिक आहे, अगदी हलकी, थोड्या वेगळ्या लयीत. नाल्यापलीकडचं मशीन असावं. सिग्नल बरा असला की ती आड येत नाही. तिच्यामागे गेलो नाही.

दिवसाची अडचण वेगळी. नऊ वाजल्यापासून ऊन उतरेपर्यंत एक जाडसर भुणभुण असते. ती शेजारच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरची. पंप बंद झाला की मीटर ०.७ वरून ०.४ वर येतो. फेराइटचे चिमटे लावून बघायला शेतमालकानं दिलं, पण उपयोग झाला नाही. तूर्त सकाळी साडेआठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर, एवढ्याच वेळा ठरवल्या आहेत.

६ एप्रिल : केळीचं पान

आठवडाभर एसडब्ल्यूआर नाचत होता. शांत असताना १.५, वाऱ्याची झुळूक आली की अडीचच्या वर, परत खाली. कनेक्टर उघडला, पुन्हा सोल्डर केला. कोॲक्स मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, तपासली, पाणी शिरलेलं नाही. बोल्ट आवळले. एक सबंध रविवार त्यात गेला.

दोष पश्चिमेच्या टोकाला होता. जानेवारीत तार लावली तेव्हा कांदेबाग कमरेएवढी होती. आता पानं तारेला टेकू लागली. अशा दोन पायांच्या अँटेनाच्या, म्हणजे डायपोलच्या, टोकाला व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, आणि केळीचं पान म्हणजे जवळजवळ पाणीच. पान लागलं की दरी ६.९५ पर्यंत सरकते, वाऱ्यानं पान हललं की परत येते. पश्चिमेचा लहान बांबू काढून १५ फुटी लावला. टोक उंच गेल्यावर दरी ७.१४ ला गेली, मग दुमडलेल्या तारेतून दोन्हीकडे थोडी सोडून पुन्हा ७.१० वर आणली. ती तार कापली नव्हती, म्हणून अर्ध्या तासात काम झालं.

बागेकडे तार न्यायची असेल तर केळीची पूर्ण वाढलेली उंची धरून वर पाच फूट सोडा. नाहीतर टोक गोठ्याकडे, रस्त्याकडे, कुठेही वळवा. उलटा व्ही जरा वाकडा झाला तरी चालतो.

१८ एप्रिल : हॅम दिवस

१९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना स्थापन झाली, तिला आज १०० वर्षं. हा दिवस जगभर हॅम लोक पाळतात. शाळेला सुट्टी होती, गल्लीतली पोरं बोलावली. बोलायचं परवानाधारकानंच, पोरांनी ऐकायचं, असं ठेवलं.

काकांनी मोर्सची चावी आणली होती, सेटला न जोडता नुसती भोंग्यावर. प्रत्येकाला आपल्या नावाचं पहिलं अक्षर वाजवायला शिकवलं. एक मुलगी तासाभरात सबंध नाव न चुकता वाजवू लागली. परवान्याला वयाची अट १२ वर्षांची आहे, ती सहावीत आहे. काका म्हणाले, "जनरल, म्हणजे वरच्या, ग्रेडला मोर्सचे मिनिटाला आठ शब्द लागतात, ही वर्षभरात देईल." तिच्या आईनं फी आणि परीक्षेचं ठिकाण विचारून घेतलं. मी स्वतःही आता मोर्सला बसलो आहे, दुकान बंद केल्यावर रोज थोडा वेळ.

११ मे : वीज

दुपारनंतर ढग भरतात. लांबवर वीज चमकली की ४० मीटरवर कडाका ऐकू येतो, ढग दिसायच्या कितीतरी आधी. दोन कडाक्यांमधलं अंतर कमी होऊ लागलं की सेट बंद करतो आणि कोॲक्स काढून खिडकीबाहेर, जमिनीला जोडलेल्या सळईवर लावतो. फक्त सेटमधून काढून टेबलावर ठेवणं पुरेसं नाही, टोक घरातच राहतं. सळई, तांब्याची पट्टी आणि क्लॅम्प मिळून ६५० रुपये लागले. हे जानेवारीतच करून घ्यावं, मेची वाट बघू नये.

बांबूच्या बुडाशी बिजागरीसारखा बोल्ट बसवला आहे. एक ताण सोडला की दोघांना बांबू आडवा करता येतो. परवाच्या वादळी वाऱ्याआधी तो आडवा केला होता. नानांची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, त्या वाऱ्यात बरीच झोपली, घड कापायला आले होते. दोन दिवस त्यांच्याकडे उचलायला गेलो, रेडिओ लावला नाही.

८ जून : सद्यस्थिती

बांबू पुन्हा उभा आहे. दरी ७.०९ ला, एसडब्ल्यूआर १.२. सकाळचे व्होल्ट ०.३५, संध्याकाळचे ०.४. एम-सीलला भेग गेली होती, ती भरली आणि कनेक्टरवर रबर टेप गुंडाळून वर इन्सुलेशन टेप चढवला. पडलेल्या केळीचं काम झाल्यावर नानांनी कुंपण नव्यानं ओढलं. या वेळी सांधे आधीपासून क्लॅम्पचे आहेत, मी दुकानातून दिले.

सोलर पंपाची भुणभुण तशीच आहे. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या दोन तारा एकमेकींपासून वीतभर लांब गेल्या आहेत, त्या जवळ आणून पिळून घ्यायच्या आणि मोठ्या फेराइट रिंगेतून चार-पाच वेढे काढायचे, असं काकांचं म्हणणं आहे. शेतमालकानं कापणी झाल्यावर पंप बंद ठेवून द्यायला होकार दिला आहे. रिंगा मागवल्या आहेत. आधीचे आणि नंतरचे व्होल्ट पुढच्या नोंदीत देईन.